घट्ट टायरची कैफियत

मंडी मोहल्ला, मैसूर
आश्विन शुद्ध एकादशी, शके १८३४

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायांवर धाकटा भाऊ शंभू याचं डोकं. (कागदावरूनच ठेवतोय. काल विजयादशमीला प्रत्यक्ष येऊन ठेवायचं होतं, ते राहून गेलं. का राहिलं, ते सांगायलाच हा कागद काळा करायला बसलोय.)

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं उलटली आहेत, कंबर धरली आहे, आणि डाव्या हाताला लाल मुंग्या चावून हात असा सुजलाय की मनगटावरचा गंडा कापून काढावा लागला. सौभाग्यवती भागीरथी तेवढी ठणठणीत आहे. तुमची तब्येत कशी आहे? खोकला कमी आहे का? गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधता की अजूनही तो घोड्याचाच लेप लावता? गाईला वासरू झालं असं कानावर आलं, कालवड झाली की गोऱ्हा ते कुणी सांगितलं नाही. चार वर्षं झाली, तुमच्या घरची बातमी मला दुसऱ्यांच्या तोंडून कळते, आणि दुसऱ्यांना नेमकं तेवढंच विचारायचं सुचत नाही.

वहिनींवर रागावू नका, पण यंदा भाद्रपदात त्यांनीच निरोप धाडला होता. दसऱ्याला या म्हणाल्या. ते तोंडानं म्हणायचे नाहीत, पण तिसऱ्या प्रहरी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघतात, खोकला छातीत उतरलाय, वैद्य काही धड सांगत नाही, पुढच्या दसऱ्याचं कुणी बघितलंय. एवढाच निरोप. तो ऐकल्यापासून मला घास गोड लागेना. (घास खाल्ला नाही असं नाही. गोड लागला नाही.) तेव्हाच ठरवलं की यंदा कडकोळला जायचं, तुमच्या हातात शमी द्यायची, पाय धरायचे, आणि चार वर्षांचा हा अबोला एकदाचा मिटवायचा. दसऱ्याला वैऱ्यालासुद्धा शमी देतात, मग सख्ख्या भावाला द्यायला काय हरकत, असा विचार केला. विचार चांगला होता. माझे सगळे विचार चांगले असतात, पुढं माशी शिंकते.

आता जायचं कसं? भागीरथी म्हणाली, आगगाडीनं जा. सकाळी गाडी आहे, कडकोळला स्टेशन आहे, डोळे मिटून बसलात तरी ती तुम्हाला नेऊन सोडील. मी म्हणालो, नाही, सायकलवरूनच जाणार. ती म्हणाली, ज्या सायकलीपायी भांडण झालं तिच्यावरच बसून भांडण मिटवायला जाताय, म्हणजे भांडणाला बरोबरच घेऊन जाताय. आता तुम्हीच सांगा अण्णा, बायकोचं म्हणणं एखाद्या वेळी बरोबर असलं तरी ते बरोबर आहे म्हणून तोंडावर कबूल करायचं म्हणजे पुढची दहा वर्षं आपण काय बोलायचं? मी कबूल केलं नाही. शिवाय माझ्या मनात असं होतं की तुम्ही ती एकदा नीट बघावी. चार वर्षांपूर्वी तुम्ही तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

ते भांडण मी पुन्हा उकरत नाही. एवढंच म्हणतो की आयुधपूजेला बाबांच्या घोड्याच्या जागी मी सायकल उभी केली, ती घोड्याचा अपमान करायला नव्हे. घोडा मेला, शिलेदारी गेली, मी कचेरीत कारकून झालो, आणि कारकुनाजवळ पूजेला ठेवण्यासारखं दुसरं काय असतं? दौत आणि रूळ? सायकल तरी पळते. तुम्ही पंधरा पाहुण्यांदेखत म्हणालात की जिला जीव नाही, जी चारा खात नाही, हाक मारली तर कान टवकारत नाही, तिला हळदकुंकू वाहणं म्हणजे बाबांच्या नावाला काळिमा. त्यावर मीही काही बोललो. (काय बोललो ते तुम्हाला पाठ असेल. मलाही आहे.) त्याच आठवड्यात तुम्ही बाबांची तलवार आणि वहिनींना घेऊन कडकोळच्या शेतावर निघून गेलात, आणि घरात मी, भागीरथी आणि ती सायकल उरलो.

आता कालच्या सगळ्या फजितीचं मूळ इथंच आहे, तेव्हा नीट वाचा. तुम्ही तिला निर्जीव म्हणालात ते भागीरथीच्या जिव्हारी लागलं. (तिला सायकल आवडते असं नाही. तुम्ही म्हणालात, हे लागलं.) तेव्हापासून दर आयुधपूजेला ती सायकलीला नुसतं हळदकुंकू लावत नाही, देवाला घालावं तसं पंचामृताचं स्नान घालते. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं. पुढच्या चाकावर एक वाटी, मागच्या चाकावर एक वाटी. वर केळ्याचा काला. मी दोनदा सांगून पाहिलं की अगं, तेल दे थोडं, तिला तेल लागतं, मध लागत नाही. तर म्हणाली, देवाला तरी मध कुठं लागतो? असं हे चार वर्षं चाललंय. मध आणि साखर टायरच्या कडेनं रिममध्ये उतरत गेली, वरून हळद, कुंकू, खाली गंज, त्यावर पुन्हा पुढच्या वर्षीचं पंचामृत. रिम आणि टायर यांच्यामध्ये काय तयार झालं असेल याची कल्पना करा. मला काल ती करावी लागली नाही, मी ते नखांनी खरवडून पाहिलंय.

दुसरी गोष्ट हत्यारांची. आपल्याकडची रीत तुम्हीच मला शिकवलीत की नवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दशमीची उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही. आमचे भटजी दुपारी चारला यायचे होते, आणि चारपर्यंत थांबलो असतो तर कडकोळला पोचेतो दिवेलागण झाली असती. तेव्हा मी सकाळी स्वतःच चार अक्षता टाकून सायकलीपुरती उत्तरपूजा उरकली. हवा भरायचा पंप, टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या आणि पाना घ्यायला हात पुढं केला, तर भागीरथी आडवी आली. सायकल वाहन आहे, ते फार तर उचला. पण पाना हत्यार आहे, त्याला भटजींशिवाय हात लावाल तर घरात अवदसा येईल. शुभ कामाला निघताना कटकट नको म्हणून मी पट्ट्यांशिवाय, पंपाशिवाय निघालो. फेट्याच्या शेवात शमी बांधली होती, पाठीशी करंज्यांचा पितळी डबा होता, अंगात बाबांचा तो बंद गळ्याचा कोट होता. रस्ता कोरडा होता, ऊन कोवळं होतं, आणि मी तुमच्यासमोर पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकत होतो. सात मैल घोकलं. एकही धड जमलं नाही.

कडकोळच्या अलीकडे एका चिंचेखाली मागच्या चाकातून फस्स आवाज आला आणि हवा गेली. बाभळीचा काटा असावा. त्या रस्त्याला बाभळी फार.

मी खाली उतरून चिंचेखाली चाकाकडे बघत उभा होतो. आणखी थोडा वेळ एकटाच राहिलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझं नशीब! नंजनगूडच्या बाजूनं एक बैलगाडी आली आणि गाडीत कोण, तर आपले फत्तेसिंगराव. तुमच्याबरोबर रिसाल्यात होते ते. सत्तरी उलटली, पण मिशा अजून कानाला बांधतात. मैसूरला महाराजांची दसऱ्याची सवारी बघायला निघाले होते. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणालो काटा. एवढं एक वाक्य मी बोललो आणि माझा दिवस माझ्या हातून गेला. कारण तुम्हाला माहीतच आहे, फत्तेसिंगरावांना कुणी अडचणीत दिसलं की त्यांना जेवल्यासारखं होतं. ते गाडीतून उडी मारून उतरले (म्हणजे दोघांनी धरून उतरवले) आणि म्हणाले, काटा आहे ना? मग टायर काढ, काटा शोध, भोक बुजव, चल. जसं काही जिलबी उलटायची आहे.

टायर कसा काढतात हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही त्या यंत्राला शिवत नाही. टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार असते. ती कड रिमच्या काठाखाली बसलेली असते. लोखंडी पट्टी खाली सरकवून कड उचलायची आणि काठावरून बाहेर काढायची, की बाकीची आपोआप येते. पट्टी असेल तर. ती नसेल तर माणसाला देवानं अंगठे दिले आहेत. मी दोन्ही अंगठे लावले. टायर हलला नाही. बसकण मारली, चाक मांडीत घेतलं, पुन्हा अंगठे लावले. पहिलं नख तेव्हा गेलं. फत्तेसिंगराव म्हणाले, तुझी धरण्याची पद्धत चुकते, हे घोड्यानं दात आवळून धरल्यासारखं आहे. घोड्याच्या जबड्यात मागं जिथं दात नसतात तिथं बोट घालायचं, की तो आपण होऊन तोंड उघडतो. मी म्हणालो, फत्तेसिंगराव, ह्याला सगळीकडेच दात नाहीत. ते म्हणाले, शोधलेस का? मग त्यांनी स्वतः खाली बसून चाकाभोवती बोट फिरवलं, 'हं बेटा, हं राजा' असं चुचकारलं, आणि शेवटी एक थाप मारली. दुसरं नख त्या वेळी गेलं, कारण माझा अंगठा मध्ये होता.

मग डब्याचं पितळी झाकण कडेखाली सारून पाहिलं. झाकण वाकलं. डबा उघडलाच आहे म्हणून फत्तेसिंगरावांनी एक करंजी घेतली, आणि विचार करायला मदत होते म्हणून दुसरी घेतली. गाडीवानानं सांगितलं की जवळच लोहार आहे. अलीकडच्या गावातला. त्याला बोलावलं. तो आला, पण हात हलवतच आला. त्याची सांडशी, हातोडा, छिन्नी सगळं भट्टीपुढं फुलं वाहून ठेवलेलं. 'इवत्तु मुट्टबारदु, स्वामी,' म्हणाला, आज शिवायचं नाही. अण्णा, त्या वेळी मला कळलं की विजयादशमीच्या सकाळी आपल्या अख्ख्या मुलखात एक धड सुरी मोकळी नसते. सुताराची पटाशी पूजेत, न्हाव्याचा वस्तरा पूजेत, कुणब्याचा विळा पूजेत. तिथं बघता बघता पंधरावीस माणसं जमली, पण एकाच्याही हातात हत्यार नव्हतं. तोंडं मात्र कुणी पूजेत ठेवली नव्हती.

लोहार म्हणाला, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव आम्ही तापवून बसवतो आणि तापवूनच काढतो, तेव्हा खाली गोवऱ्या पेटवा. मी म्हणालो, बाबा, हे रबर आहे. तो म्हणाला, मग तर लवकर निघेल. एकानं सांगितलं, टायरला दोर बांधून एका बाजूनं बैल जुंपा आणि दुसऱ्या बाजूनं तुम्ही धरा. एक म्हातारा म्हणाला, गुरुवार सोडून कुठल्याही दिवशी लिंबू उतरवलं की घट्ट वस्तू सैल होतात. मी मनात म्हणालो, ह्या सायकलीच्या चाकांनी आयुधपूजेला चार वर्षांत आठ लिंबं चिरडली आहेत, त्यांना लिंबाचं काय कौतुक. एवढ्यात हात चुरचुरायला लागला. बघतो तर रिमच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येत होती. लाल, डोक्यानं मोठ्या. चार वर्षांच्या पंचामृतावर त्यांचा संसार चालला होता आणि आम्ही सकाळपासून त्यांचं दार ठोठावत होतो. मी चाक टाकून उठलो तो फेट्याच्या लोंबत्या शेवावर बसलो होतो हे ध्यानात आलं. तुमच्यासाठी बांधलेली शमी त्याच शेवात होती. मला त्या वेळी रडू आलं, अण्णा. लोकांना वाटलं मुंग्या चावल्या म्हणून. मी तसंच वाटू दिलं.

शेवटी तो टायर काढला कुणी, ते लिहायला लाज वाटते. आपल्या मंडी मोहल्ल्यातली गंगाबाई, घरोघर फिरून बांगड्या भरणारी. भागीरथीच्या हातात बांगड्या तीच भरते. नंजनगूडकडून डोक्यावर टोपली घेऊन येत होती. गर्दी बघून थांबली, टोपली उतरवली, पानाला चुना लावला आणि बराच वेळ मजा बघितली. मग म्हणाली, 'अय्यो, सुम्ने, गप बसा हो शंभूराव, ओढताय कशाला?' तिचं म्हणणं असं की घट्ट बांगडी ओढून कधी निघत नाही, ओढली की हात फुगतो नाहीतर बांगडी फुटते. आधी पलीकडची बाजू दाबायची, हाड आत घ्यायचं, मग अलीकडे आपोआप जागा होते. तिनं टोपलीतलं खोबरेल घेतलं आणि कडेवरून फिरवलं. मुंग्या पदरानं झटकल्या. चाक उभं धरलं, आणि व्हॉल्वच्या बरोबर समोरून सुरुवात करून दोन्ही हातांनी टायरची कड रिमच्या मधल्या खळग्यात दाबत दाबत खाली आली. एकदा फिरली, दोनदा फिरली. तिसऱ्यांदा व्हॉल्वपाशी बोटभर सैल पडलं. तिथं तिनं अंगठा घातला आणि टायर असा उतरवला की नव्या सुनेच्या हातातून पाटली काढावी. नख मोडलं नाही, घाम आला नाही. फत्तेसिंगराव म्हणाले, मीही तेच म्हणत होतो.

मग ट्यूब काढली. लोहारानं ती तोंडानं फुगवली (त्याच्या भात्यासारख्या छातीचा तेवढा उपयोग झाला), शेजारच्या तळ्यात धरली, आणि पंधरावीस माणसं बुडबुडा बघायला वाकली. बुडबुडा आला नाही. ट्यूब सगळी फिरवली. तरी नाही. टायरमध्ये काटा शोधला. मध होता, गंज होता, एक मेलेला भुंगा होता, काटा नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, कधी कधी रबराचं भोक आपोआप मिटतं. गंगाबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि टोपली उचलली. बांगड्या भरणाऱ्या बाईला काय बोलावं हे कळतं तसं काय बोलू नये हेही कळतं. जाण्याआधी टायर परत चढवायलाही तिनंच मदत केली, पण हवा भरायला पंप कुठून आणणार? तो आमच्या देव्हाऱ्यापुढं फुलांखाली होता. फत्तेसिंगराव राहिलेल्या दोन करंज्या वाटेत लागतील म्हणून घेऊन सवारीला निघून गेले.

आता अशा अवतारात तुमच्या दारात कसा येणार? कोटाला कुंकू, मध आणि खोबरेल, हात सुजलेला, फेटा मळलेला, डबा रिकामा, शमी चुरगळलेली. म्हणून सात मैल सायकल हातानं ढकलत परत आलो. घरी पोचलो तेव्हा भटजी येऊन उत्तरपूजा करून गेले होते, आणि पाना, पंप, पट्ट्या ओळीनं मोकळ्या पडल्या होत्या. भागीरथीनं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, फेट्याच्या शेवाची गाठ तशीच आहे तीही बघितली, आणि पान वाढलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर अशी ही कैफियत आहे. माझा यात काही दोष नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. भागीरथीचं पंचामृत, भटजींची वेळ, फत्तेसिंगरावांची हौस आणि बाभळीचा काटा, या चौघांनी मिळून मला अडवलं. तुम्ही थोर आहात, गैरसमज करून घेणार नाही. तब्येतीला जपा. थंड पाणी पिऊ नका. वहिनींना नमस्कार, वासराच्या कपाळावरून माझा हात फिरवा.

तुमचा धाकटा,
शंभू

ता. क. फत्तेसिंगराव द्वादशीला परत नंजनगूडला निघतील आणि वाटेत तुमच्याकडे उतरतीलच. ते सांगतील त्यातलं निम्मं सोडून द्या. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून आज एकादशीचा उपास असताना लिहायला बसलोय. उपाशीपोटी माणसाला खोटं फार वेळ धरवत नाही, म्हणून आणखी दोन ओळी.

पुन्हा ता. क. ती चिंच कुठली ते मी वर लिहिलं नाही. फत्तेसिंगराव सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगतो. तुमच्या मारुतीच्या देवळाच्या वळणावरची. अलीकडचं गाव म्हणजे तुमचंच गाव, लोहारही तुमचाच. तिथून तुमची ओसरी दिसते. काल सकाळी देवळापाशी कसली गर्दी जमलीय म्हणून तुम्ही वहिनींना विचारलं असेल, तर ती गर्दी माझी होती. फत्तेसिंगराव दोनदा म्हणाले, अरे वेंकोजीचं घर दोनशे पावलांवर आहे, चाक मरू दे, आधी चल. मी म्हणालो, चाक बसल्याशिवाय नको. आणि चाकाला धरून बसलो.

आणखी एक. बाभळीचा काटा नव्हता. हवा मीच सोडली. वळणावर आलो आणि तुम्ही दिसलात. खांबाला धरून उभे होता. अण्णा, तुम्ही एवढे वाळलात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघत होता. हा माणूस माझी वाट बघत असेल तर मी काय तोंड दाखवू, आणि नसेल बघत तर मी कशाला आलो? मी चिंचेआड झालो, खाली वाकलो आणि व्हॉल्व सैल केला. हवा गेली म्हणजे परत फिरायला कारण मिळेल, एवढंच मनात होतं. तेवढ्यात ती गाडी आली.

बाबांच्या तलवारीनं कोहळ्याशिवाय कधी काही कापलं नाही, असं मी चार वर्षांपूर्वी पंधरा माणसांदेखत म्हणालो. ते मी बोलायला नको होतं. सात मैल जे वाक्य घोकत होतो आणि जमत नव्हतं, ते हेच. तोंडानं जमायचं नाही म्हणून लिहितो. मला माफ करा.

शमी चुरगळली आहे, पण आहे. पुनवेपर्यंत देता येते असं आई म्हणायची. परवा त्रयोदशीला येतो. पायी येतो, आगगाडीनं नाही आणि सायकलीनंही नाही, कारण पायी चालणाऱ्याला मध्येच काही बिघडलं म्हणून सांगता येत नाही. ओसरीवर बसू नका, गार वारा असतो, आत बसा. पण तोवर थांबा, अण्णा.